गणितवेडी लेक, नाताळची सुट्टी: क्लासला घालू की आजोळी पाठवू?

मंडळी, सल्ला हवा आहे. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मुलगी नववीत, सीबीएसईला. राहायला नाशिकरोड. २५ डिसेंबर ते १ जानेवारी सुट्टी, म्हणजे जेमतेम आठ दिवस. मी घरीच ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. माझी बारावी आर्ट्स, मिस्टरांचं आयटीआय. तिच्या गणितातलं आम्हा दोघांनाही ओ की ठो कळत नाही, म्हणून इथे विचारतेय.

सप्टेंबरमध्ये तिने ऑलिंपियाडची पहिली पायरी, ती आयओक्यूएम, दिली होती. तीन तास, तीस प्रश्न, पर्याय नाहीत, उत्तर थेट आकड्यात. पुढच्या आरएमओसाठी, म्हणजे विभागीय फेरीसाठी, निवड झाली नाही. मला वाटलं आता दोन दिवस रडारड. तर बाईसाहेबांनी प्रश्नपत्रिका कपाटाच्या दाराला चिकटवली आणि अजून सोडवतायत. सुटलेल्या प्रश्नावर टिकली लावते. माझ्या टिकल्यांचं पाकीट संपत आलंय.

गेल्या नाताळात एका क्लासच्या सहा दिवसांच्या कॅम्पला घातलं होतं. सकाळी आठ ते दोन, दर अर्ध्या तासाला टेस्ट, नंबर लगेच फळ्यावर. चौथ्या दिवशी डबा न उघडता परत आला. संक्रांतीपर्यंत तिने आपणहून गणिताची वही उघडली नाही. आता त्याच क्लासचा रोज फोन येतोय. साडेसात हजार फी, लवकर भरली तर सूट. मिस्टर म्हणतात, "घरी बसून मोबाईलच बघणार, त्यापेक्षा जाऊ दे." लेक म्हणते, चाळीसगावला मामाकडे जायचं आणि पाटणादेवीला भास्कराचार्यांचा शिलालेख बघायचा.

बरं, घरी बसून ती मोबाईल बघते असंही नाही. आज २२ तारीख, रामानुजन जयंती, राष्ट्रीय गणित दिन. शाळेत तक्ते लावायचे होते, हिने कापरेकरांचा केला. द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते, १९३० ते १९६२. आमच्या घरापासून देवळाली हाकेच्या अंतरावर आणि मला हे नाव परवा कळलं! त्यांची ती ६१७४ ची गंमत: कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं परत तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतेच, आणि एकदा आली की तिथून हलत नाही. तिने रामानुजनांचं जन्मसाल घेतलं, १८८७:

८८७१ − १७८८ = ७०८३
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

तक्ता तिथेच झाला. पण काल रात्री माझ्या कटिंगच्या खाकी कागदावर हिचं पुढचं सुरू. तीन आकडी घेतले की ४९५ वर थांबतं. दोन आकडी थांबतच नाही, ८१, ६३, २७, ४५, ९ आणि फिरून ८१. पाच आकडीला तर एकाहून जास्त चक्रं निघाली. साडेअकराला मला विचारते, "आई, पण असं का?" माझ्या तोंडात टाचण्या. टाचण्या नसत्या तरी काय सांगणार होते?

तर विचारायचंय ते असं. क्लास नाही लावला तर मागे पडेल का? आणि मला गणित येत नसताना मी तिच्यासाठी नक्की काय करू शकते?

घड्याळजी: ताई, नववीतच बेस पक्का झाला पाहिजे. आजोळ मे महिन्यात आहेच की. आठ दिवस म्हणजे पन्नास तास, विचार करा.

निवृत्त मास्तर: ताई, चौतीस वर्षं गणित शिकवलं, त्या बळावर लिहितो. आरएमओसाठी निवड नाही, म्हणजे त्यापुढची राष्ट्रीय फेरी, जानेवारीतली आयएनएमओ, यंदा तिच्यापुढे नाही. मग ही घाई कोणासाठी? आणि त्या परीक्षेतही सहाच प्रश्न असतात, वेळ चार-साडेचार तासांचा. तिथे अर्ध्या तासाच्या टेस्टचा सराव कामाला येत नाही. एका प्रश्नापाशी तासभर कोरी पाटी घेऊन बसायची सवय लागते, आणि तुमच्या लेकीला ती आहे. तुमच्या टिकल्या साक्षीला आहेत.

आता तिचं "का". तिच्या चक्रातले आकडे बघा: ८१, ६३, २७, ४५, ९. सगळे नवाच्या पाढ्यातले. ४९५ आणि ६१७४ सुद्धा. कारण वजाबाकीतल्या दोन्ही संख्यांत अंक तेच, फक्त जागा बदललेल्या. त्यामुळे नवाने भागल्यावर दोन्हींची बाकी सारखीच उरते आणि वजाबाकीत ती उडून जाते. हे तिला सांगू नका. "या सगळ्यांत काही सारखं दिसतंय का गं?" एवढंच विचारा आणि तुमचं शिवण चालू ठेवा. सगळं कोडं यातून उलगडत नाही, पण आठ दिवस पुरेल.

चाळीसगावला निघालीच तर गाडीत सोडवायला भास्कराचार्यांच्याच लीलावती ग्रंथातलं हे कोडं द्या. नऊ हात उंच खांब, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, वर मोर बसलाय. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे येतोय. मोराने तिरकी झेप घेतली. दोघं सारखंच अंतर गेले तर साप बिळापासून किती हातांवर सापडला? कागद देऊ नका.

खानदेशी_ठेचा: चाळीसगावचाच आहे म्हणून सांगतो, पाटणादेवी गावापासून सतरा-अठरा किलोमीटर. गौताळा अभयारण्य आहे, सकाळी लवकर निघा, थंडी असते, स्वेटर घ्या. एक दुरुस्ती करतो: शिलालेख भास्कराचार्यांनी कोरवलेला नाही. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, त्याचा तो लेख, शके ११२८ चा. बराचसा संस्कृत आणि शेवटी जुनी मराठी. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो उजेडात आणला. पोरीला म्हणावं, आठशे वर्षांपूर्वीचा गणिताचा क्लास बघायला चाललीयेस 😀 फी किती होती ते मात्र लिहिलेलं नाही.

घड्याळजी: बरं बाबा, माझाच क्लास घ्या सगळ्यांनी.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. घड्याळजी, राग नको, मिस्टरही तुमच्याच बाजूचे होते.

मास्तर, मोराचं कोडं गाडीपर्यंत टिकलं नाही हो, मीच रात्री जेवताना बोलून गेले. ती वरण-भात कालवता कालवता म्हणाली, "बारा हात." म्हणजे साप सत्तावीसातून बारा वजा पंधरा हात गेला आणि मोराची झेपही पंधराच. मला काही पटेना. जेवणं झाल्यावर कटिंगच्या टेबलाच्या कोपऱ्याला खडूने एका कडेवर ९ इंचांवर खूण केली, दुसऱ्या कडेवर १२ वर, आणि मधून टेप तिरका धरला. बरोब्बर १५. सोळा वर्षं काटकोनासाठी एल पट्टी शोधत घरभर फिरतेय मी! मिस्टरांनी येऊन स्वतः टेप लावून बघितला, मग म्हणाले, "वर्कशॉपमध्ये आम्ही ३-४-५ ने कोपरा काढायचो, तेच हे." त्यानंतर क्लासचा विषय निघाला नाही. उद्या क्लासवाल्यांना नाही म्हणून कळवते.

नवाच्या पाढ्याचं विचारलंय. सध्या माझ्याशी बोलत नाही, कागद घेऊन गॅलरीत बसलीये.

खानदेशी दादा, २६ च्या पॅसेंजरने निघतोय. भावाकडे बाईक आहे, पण आम्ही तिघी-चौघी. चाळीसगाव स्टँडवरून पाटणादेवीला रिक्षा जाऊन-येऊन ठरवता येते का, आणि साधारण किती घेतात?