खुलासा ‘विश्वासार्ह’, ‘सयुक्तिक’ की नुसता ‘पटण्याजोगा’?

मुलुंडकर
ऑफिसच्या चौकशी अहवालाचं मराठी करते आहे आणि एका वाक्यावर अडले आहे. कामगाराने उशिरा येण्याचं जे कारण दिलं ते खोटं आहे असं समितीला म्हणायचं नाही. खरं ठरलं असंही नाही. ऐकायला खरं वाटतं, एवढंच सांगायचंय. ‘विश्वासार्ह’ लिहिलं तर साहेब म्हणतात, मग आपण मान्यच केलं की! ‘संभाव्य’ लिहिलं तर कारण अजून घडायचं आहे असं वाटतं, संभाव्य उमेदवारासारखं. काय लिहू?

गिरगावकर
साहेबांचं बरोबर आहे. ‘विश्वासार्ह’ म्हणजे विश्वास ठेवायला लायक, त्यात शिफारस आली. आणि तो शब्द सांगणाऱ्याला जास्त शोभतो: साक्षीदार, वार्ताहर, संस्था. (‘विश्वासू’ आणखी वेगळा. विश्वासू नोकर सुट्टीसाठी खुशाल थापा मारतो, तरी तिजोरीची किल्ली त्याच्याकडेच असते.)

‘पटण्याजोगं’ लिहा. पटणं म्हणजे मुळात जुळणं. ओळख पटते, खूण पटते, जावांचं एकमेकींशी पटत नाही. अशोकवनात मारुती सीतेशी बोलला ते सगळं खरंच होतं, पण तिला आधी हा रावणच वेष पालटून आला असं वाटलं. रामाची अंगठी पुढे आली तेव्हा खूण पटली, कारण अंगठी तिच्या ओळखीची होती. सांगणाऱ्याने कितीही सांगावं, त्याला जुळणारं काहीतरी ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून असावं लागतं. ‘खरं’ आणि ‘पटणारं’ यांतला फरक मला तरी एवढाच दिसतो.

शिवडीकर
कागदावर ‘पटण्याजोगं’ चालणार नाही, फार बोलीतलं आहे. सरकारी मराठीत त्याला ‘खुलासा’ म्हणतात, आणि तो ‘समाधानकारक’ असतो किंवा नसतो. कारणे दाखवा नोटिशीनंतरचं ठरलेलं वाक्य: ‘आपला खुलासा समाधानकारक नसल्याने…’. दुसरा शब्द ‘सयुक्तिक’, म्हणजे युक्तिवादाला धरून असलेला. अर्धी कार्यालयं ‘संयुक्तिक’ लिहितात. तो अनुस्वार कुठून आला देव जाणे, पण तुम्ही लिहू नका.

कोर्टातलं थोडं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाशी जवळचं आहे. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 3 मध्ये ‘शाबीत’ कशाला म्हणायचं हे दिलं होतं. न्यायालयाला ती गोष्ट आहे असं वाटलं पाहिजे, किंवा समजूतदार माणसाने ती आहे असं धरून पुढचं पाऊल टाकावं इतकी तिची शक्यता असली पाहिजे. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आला, पण ही व्याख्या तशीच राहिली. म्हणजे कायदासुद्धा शंभर टक्के खात्री मागत नाही. नुसतं कानाला बरं वाटण्यावर मात्र भागत नाही.

आणि साक्षीदार कसा पारखतात? तिघांनी शब्दन् शब्द तेच सांगितलं की उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाला आनंद होतो, कारण ते पढवलेले असतात. एकाला शर्ट निळा आठवतो, दुसऱ्याला काळा, पण दोघांनाही चाकू कुणाच्या हातात होता ते पक्कं आठवतं, अशी साक्ष टिकते. किरकोळ विसंगतीवरून साक्ष फेटाळू नये हे वरिष्ठ न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे.

परळकर
शब्दाचं तुम्ही बघा, थापेचं मी सांगतो. हजेरीबुक सांभाळण्यात आयुष्य गेलंय.

‘लोकल लेट होती.’ हे कारण सर्वात स्वस्त आणि सर्वात टिकाऊ, कारण त्याला धक्का लावायचा तर ऐकणाऱ्याला स्वतःचा अनुभव विसरावा लागतो. पण याच्यात भर घालायला गेलं की माणूस फसतो. एक जण बुधवारी म्हणाला, ‘मेगाब्लॉक होता.’ अरे बाबा, मेगाब्लॉक रविवारचा! दुसरा मे महिन्याच्या भर उन्हात सायनच्या रुळांवर पाणी भरवून आला. सायनला पाणी भरतं हे जगाला माहीत आहे, म्हणून त्याला वाटलं चालून जाईल. उलट ज्याचं खरंच काही झालेलं असतं तो धड सांगतसुद्धा नाही. ‘साहेब, काय सांगू, आज नकोच विचारू,’ म्हणतो आणि सही करून जागेवर बसतो. मला तोच जास्त पटतो.

जास्त बोलणारा जास्त तिखटमीठ लावतो, हे कुठल्याही मुकादमाला विचारा.

गिरगावकर
परळकर, मुकादमाला कळतं ते बाकीच्यांना कळेलच असं नाही. उलटंच घडताना जास्त दिसतं. 1983 साली अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना लिंडा नावाच्या काल्पनिक बाईचं वर्णन वाचायला दिलं. एकतीस वर्षांची, एकटी, स्पष्टवक्ती, तत्त्वज्ञान शिकलेली, अन्यायाविरुद्धच्या निदर्शनांत भाग घेतलेली. मग विचारलं, कशाची शक्यता जास्त: ती बँकेत कॅशियर आहे याची, की बँकेत कॅशियर आहे आणि शिवाय स्त्रीवादी चळवळीत आहे याची? शंभरात ऐंशीहून जास्त जणांनी दुसरं निवडलं. आता दोन गोष्टी एकत्र खऱ्या असण्याची शक्यता त्यांतल्या एकीपेक्षा जास्त कशी असेल? पण वर्णनाशी ती जुळली ना. तपशील वाढला की शक्यता घटते, पण गोष्ट जास्त पटते.

तुमचा सायनवाला पकडला गेला तो जास्त बोलल्याने नाही, महिना चुकल्याने.

दहिसरकर
हे जुळणं किती महाग पडतं ते 2005 मध्ये पाहिलं. 26 जुलैला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईच्या वर्षभराच्या सरासरीच्या एकतृतीयांशाहून जास्त पाऊस एका दिवसात. आधी कुणी हा आकडा सांगितला असता तर त्याला वेड्यात काढलं असतं. खरं होतं, पण पटण्याजोगं मुळीच नव्हतं.

दोनच दिवसांनी, 28 तारखेच्या रात्री, धरण फुटलं, समुद्र आत येतोय अशी आवई उठली. जुहूजवळच्या नेहरू नगरच्या अरुंद गल्ल्यांत चेंगराचेंगरी झाली, माणसं मेली. साफ खोटी बातमी. पण डिसेंबरची त्सुनामी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेली, घरातला चिखल अजून काढून व्हायचा होता. तेव्हा त्या रात्री तिच्याइतकं पटणारं दुसरं काही नव्हतं. अशा वेळी लोकांना भोळे म्हणणं मला आवडत नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये माहीमला समुद्राचं पाणी गोड झालं, ते वेगळं प्रकरण. तिथे लोकांनी चव घेऊन पाहिली होती, आणि पाणी खरोखरच कमी खारट लागत होतं! पावसाळ्यात मिठी नदीचं पाणी खाडीत येतं, आणि गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगतं. पुरावा खरा होता, फक्त त्यावरून काढलेलं अनुमान तिसरंच. आणि त्याच नदीतून सांडपाणीही येतं, याचा विचार बाटल्या भरणाऱ्यांपैकी कुणी केला नाही.

कुलाबकर
यावरून ताज हॉटेलची गोष्ट आठवली. इंग्रज वास्तुविशारद नकाशे देऊन विलायतेला गेला, परत येऊन बघतो तर इमारत उलटी बांधलेली, म्हणून त्याने जीव दिला. गेटवेपाशी कुणीही सांगतं. खरं म्हणजे पहिले नकाशे सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे, आणि काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. 1903 मध्ये हॉटेल उघडलं. तरी दंतकथा मरत नाही, कारण तिच्यात एक खरा खुंटा आहे: मूळ प्रवेशद्वार समुद्राकडे नव्हतं, शहराकडे होतं. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे. नजरेला खटकणारी एक गोष्ट आणि तिचं एका वाक्यात मिळणारं कारण! एवढ्यावर दंतकथा शंभर वर्षं सहज काढते.

अशा गोष्टीला ‘आख्यायिका’ म्हटलं की ती जरा आदरणीय होते, ‘भाकडकथा’ म्हटलं की लगेच पडते. गोष्ट तीच.

शिवडीकर
मुलुंडकर ताई, चर्चा लांबली. अहवालात असं लिहा: ‘कर्मचाऱ्याचा खुलासा सकृद्दर्शनी सयुक्तिक वाटतो, तथापि त्याच्या पुष्ट्यर्थ कागदपत्र सादर झालेले नाही.’ ‘सकृद्दर्शनी’ने समिती मोकळी राहते. ‘सत्याभासी’ वगैरे कुणी सुचवलं तर टाळा. त्यात आरोप आहे.

मुलुंडकर
चालेल. ‘पुष्ट्यर्थ’ मात्र ‘पुराव्यादाखल’ करते, कामगारालाही वाचायचंय.

परळकर
‘बतावणी’ राहिला की! पेपरात रोज येतो: ‘पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लंपास’. ‘मावशी, पुढे चोरी झालीय, साहेब तपासणी करतायत, बांगड्या काढून रुमालात बांधा.’ यात पोलिसाची सगळी ऐट आहे, आणि काळजी म्हाताऱ्या माणसाचीच आहे, त्यामुळे संशय घ्यायला जागाच उरत नाही. ‘थाप’ फक्त बोलण्यातली, ‘बतावणी’त पवित्रा, आवाज, खिशातलं ओळखपत्र सगळं आलं.

आताची नवी बतावणी व्हिडिओ कॉलवरची. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही. पण पलीकडे खाकी दिसते, मागे टेबल, झेंडा, आणि तुमचा आधार नंबर तो तोंडपाठ म्हणून दाखवतो. आमच्या चाळीतल्या एका निवृत्त मास्तरांना असा फोन आला. त्यांनी एवढंच विचारलं, ‘कुठलं पोलीस ठाणं? मी खाली उतरून चालत येतो.’ फोन कट.