प्रतिसाद: सेवापुस्तक किती वर्षं ठेवावं?

‘पेन्शन सुरू झाली की पाच वर्षांत सेवापुस्तक नष्ट करायला हरकत नाही’ हे वर आलेलं मत मला अजिबात पटत नाही. सेवापुस्तक म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याच्या सगळ्या नोकरीची नोंदवही. पेन्शन माणसाबरोबर संपत नाही. त्याच्या मागे पत्नीला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतं आणि कमावू न शकणारं दिव्यांग अपत्य असेल तर त्यालाही, तेही हयातभर. म्हणजे निवृत्तीनंतर तीस-चाळीस वर्षांनीसुद्धा कागद लागू शकतो.

आमच्याकडे तेच झालं. बाबा १९९१ला निवृत्त झाले. आई गेल्यावर जन्मतः गतिमंद असलेल्या धाकट्या बहिणीसाठी अर्ज केला, तर कार्यालयात मूळ पुस्तकच सापडेना. तिचं नाव पीपीओवर (पेन्शन देण्याच्या आदेशावर) नव्हतं. सात-आठ महिने खेटे घातले. शेवटी आईच्या ट्रंकेत सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मिळाली. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण पहिल्या पानावर बाबांच्या डाव्या हाताच्या बोटांचे ठसे, ‘उजव्या भुवईवर तीळ’ ही खूण आणि आत कुटुंबाच्या तपशिलात बहिणीचं नाव, शिक्क्यानिशी! त्यावर काम झालं.

रजेचे अर्ज, प्रवासभत्त्याची बिलं खुशाल काढा. सेवापुस्तक मात्र शेवटचा वारस हयात असेपर्यंत राहिलंच पाहिजे. नोकरीत असलेल्यांनी दुय्यम प्रत मागून घ्या आणि दरवर्षी तिच्यात नोंदी करून घ्या.