आगीचा मनोरा: कॅमेरा आला म्हणून माणूस उतरवायचा का?

मोहफूल: २०२४ मध्ये पेंचच्या जंगलात धूर ओळखणारा कॅमेरा लागला. तेव्हापासून आमच्या नागपूरच्या भटक्यांच्या गटात एकच सूर आहे, आता आगीवर नजर ठेवायच्या मनोऱ्यावर माणूस कशाला? मला हे पटत नाही.

१९१० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत आयडाहो-मोंटानाकडे दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं, ऐंशीच्या वर माणसं गेली. त्यानंतर तिथे मनोऱ्यांवर भर आला. १९३३ ते १९४२ या काळात बेकार तरुणांच्या सरकारी दलानं ३,००० हून जास्त मनोरे उभे केले. आत ऑस्बॉर्न या वनकर्मचाऱ्यानं घडवलेलं यंत्र असे: गोल नकाशा आणि त्यावर फिरणारी नेम धरायची पट्टी. धुरावर नेम धरायचा, अंश वाचायचा. एका मनोऱ्यावरून फक्त दिशा कळते. दुसऱ्याचाही अंश आला की दोन रेघा जिथे छेदतात, तिथे आग. १९१३ साली कॅलिफोर्नियातल्या एका शिखरावर हॅली डॅगेट ही बाई एकटी राहून हेच काम करत होती. असं काम आपण सहज मोडीत काढायचं?

उत्तर नागपूरकर: ताई, त्याच अमेरिकेत बहुतेक मनोरे आज रिकामे आहेत. आपल्याकडे २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीची सूचना देतं, ती बीटगार्डच्या, म्हणजे त्या भागाच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर येते. मे महिन्यात ४५ अंशांत पत्र्याखाली माणूस बसवणं मला क्रूर वाटतं. इतिहास जपायचा तर मनोरा जपा, माणूस खाली उतरवा.

धुऱ्यावरचा: मी तीन उन्हाळे फायर वॉचर होतो. ऊन लागते, खरं आहे. पण भाऊ, उपग्रह दिवसातून ठरल्या वेळीच वरून जाते, अन् आग दाखवणारा त्याच्या चित्रातला चांगल्यातला चांगला चौकोनही ३७५ मीटरचा. सागाच्या पानगळीत सरपटणारी आग तेवढ्यात नाला ओलांडते. धूर पऱ्हाटीचा आहे का मोहाखालचा, हे मी रंगावरून सांगत होतो. क्रूर म्हणाल तर मजुरी क्रूर. एका हंगामाचे पैसे दिवाळीत हातात आले. ते बोला.

सातपुडा: दोन्ही बाजू वरच पाहून राहिल्या. आग खाली लागते. मोहफुलं दिसावी म्हणून पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून जाळतात. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात १८६० च्या दशकात कर्नल पिअर्सननं बोरीचं जंगल आगीपासून राखायचा प्रयत्न केला, तोही खाली जमिनीवर उतरून. मनोऱ्याचा खर्च मोहाखाली जाळी बांधायला द्या, फुलं जाळीत पडली की पाला जाळायची गरजच नाही.

उत्तर नागपूरकर: याला माझा पूर्ण पाठिंबा.

मोहफूल: जाळी द्याच, दादा. पण जाळी बांधली त्या वर्षीही कुणाच्या तरी बिडीनं पेट घेतला तर पहिला धूर कोण पाहणार? मजुरीचं मात्र माझ्या लिहिण्यातून सुटलं, ती माझी चूक. आधी महिन्याच्या महिन्याला पैसे, मग बाकी चर्चा. धुऱ्यावरचे भाऊ, तुमच्याकडे अंश वाचायला काही होतं?

धुऱ्यावरचा: काही नव्हतं. कठड्यावर खिळ्यानं कोरलेल्या खुणा होत्या, आमच्या आधीच्यानं केलेल्या. एक टेकडीची, एक तलावाची, एक गावाची. त्यावरूनच वायरलेसवर सांगत होतो.

उत्तर नागपूरकर: त्या खुणा अजून आहेत का? फोटो असेल तर टाका.