मदत हवी आहे: मोफत वकील मिळाला, पण पैसे मागतोय

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मावशीचा आहे. नवऱ्याने टाकल्यावर ती धुणीभांडी करून राहते. पोटगीच्या केससाठी तालुका विधी सेवा समितीकडे (जी मोफत वकील नेमून देते) अर्ज केला. तिथल्या कारकुनाने आधी उत्पन्नाचा दाखला आणायला लावला, त्यात तलाठी आणि तहसीलच्या तीन फेऱ्या, म्हणजे तीन दिवसांची कामं बुडाली. नंतर कळलं की विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ प्रमाणे बाईमाणसाला उत्पन्नाची अटच नाही! असो, ते झालं गेलं.

वकील नेमून मिळाला. पहिल्या तारखेला त्याने 'टायपिंग, झेरॉक्स, बाकी खर्च' म्हणून दीड हजार घेतले. मावशीने पदराच्या गाठीतून काढून दिले. पावती नाही. आता साक्षीपुराव्याआधी आणखी तीन हजार हवेत म्हणतो, आणि मागच्या दोन तारखांना आलाच नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे पॅनेलवरच्या (म्हणजे विधी सेवेच्या यादीतल्या) वकिलाला मानधन विधी सेवा प्राधिकरण देतं, पक्षकाराकडून त्याने काही घ्यायचं नसतं. मानधन तुटपुंजं आणि उशिरा मिळतं हे मान्य, पण त्याचा भुर्दंड मावशीने का सोसायचा?

तर विचारायचं असं, की वकील बदलून मागायचा अर्ज तालुक्यालाच द्यायचा की थेट जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे? पावती नसताना तक्रार टिकते का? विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करून कुणाचं काम झालंय? मावशी घाबरलीय, तक्रार केली तर वकील मुद्दाम केस बिघडवेल म्हणते. पुढची तारीख पंधरा दिवसांवर आहे.