मदत हवी आहे: मागचे स्पीकर गप्प, संवाद कळत नाहीत, वायरींचा गुंता सोपा कसा करू?

अबोली_डोंबिवली
जाणकारांनी कृपया लवकर सांगा, गणपतीच्या आधी हे मार्गी लावायचंय. हॉलमध्ये पाच स्पीकर आणि सबवूफर आहे. मागचे दोन स्पीकर महिनाभर मुके आहेत. पुढून आवाज येतो, पण बोलणं कळत नाही. बाबांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, ते दर दोन मिनिटांनी "काय म्हणाला?" विचारतात. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत घर डोक्यावर घेतं. रिमोट तीन. मी ऑफिसात असले की आईचा फोन येतो, "चित्र दिसतंय गं, आवाज नाही." त्यात मागच्या डाव्या स्पीकरची वायर बाल्कनीच्या दारातून आडवी जाते आणि तो स्पीकर नेमका मखराच्या कोपऱ्यात उभा. सगळं काढून टाकू की सोपं करता येईल? नवीन खर्च शक्यतो नको.

तांब्याची_तार
रिसीव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारा डबा, किती जुना? टीव्ही किती जुना? दोघांमध्ये कोणती वायर आहे? हॉल केवढा? हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

मिलिंद_नाशिक
सगळं विकून टाका आणि साउंडबार घ्या. मी दोन वर्षांपूर्वी तेच केलं. एक पट्टी, एक वायर, आई खूश.

अबोली_डोंबिवली
@मिलिंद, नवीन खर्च नको असं लिहिलंय. @तार, रिसीव्हर सहा वर्षांचा, हॉल १० बाय १६. वायर आधी होती तशीच आहे.

तांब्याची_तार
आधी होती तशी म्हणजे कशी? आणि महिनाभर बंद म्हणताय, तर महिन्यापूर्वी घरात काय बदललं?

तळघर_न्यू_जर्सी
आमच्या बेसमेंटमध्ये ७.१ (सात स्पीकर, एक सबवूफर) आहे, छतात आणखी चार. अनुभवावरून सांगतो, बहुतेक लोक "मागचे" स्पीकर खरोखरच पाठीमागे ठेवतात. ५.१ मध्ये ते बाजूला, किंचित मागे हवेत. समोरचा स्पीकर शून्य धरला तर साधारण ११० अंशांवर, आणि कानाच्या उंचीला किंवा थोडे वर. आधी जागा बदला.

तांब्याची_तार
@तळघर, जागा चुकली तर आवाज चुकीच्या दिशेने येईल, बंद होणार नाही. इथे काहीच येत नाहीये.

अबोली_डोंबिवली
टीव्ही नवीन आलाय! हे सांगायचं राहिलंच. बसवायला आलेल्या मुलाने सेट-टॉप बॉक्स थेट टीव्हीला जोडला, आधी तो रिसीव्हरला होता. आता टीव्हीतून रिसीव्हरला एक बारीक काळी वायर जाते. काढून बघितली तर टोकाला लाल उजेड दिसतो.

तांब्याची_तार
ही ऑप्टिकल, उजेडातून आवाज नेणारी वायर. आता रिसीव्हरच्या समोरच्या काचेवर काय अक्षरं येतात ती वाचून सांगा.

अबोली_डोंबिवली
पीसीएम. त्याखाली स्टिरिओ.

तांब्याची_तार
मग स्पीकर बिघडलेले नाहीत. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल आउटपुट' पीसीएमवर आहे, म्हणून टीव्ही दोनच चॅनल पाठवतोय. रिसीव्हरही स्टिरिओवर, त्यामुळे तो दोनच स्पीकर वाजवतोय. टीव्हीखालचा मधला स्पीकरसुद्धा गप्प असणार, त्याला कान लावून बघा. सिनेमाचं बहुतेक बोलणं त्याच्यातून येतं. बाबांना कळत नाही ते म्हणूनच.

असं करा. ऑप्टिकल काढा. टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआय खाचेशेजारी एआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत पाठवायची सोय) छापलंय, तिथून रिसीव्हरच्या एचडीएमआय 'आउट'ला केबल जोडा. 'इन'ला नाही, इथेच सगळे चुकतात. दोन्हीकडे सीईसी चालू करा, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हर सुरू-बंद होईल, आवाजही त्याच रिमोटने कमी-जास्त. मग डिजिटल आउटपुट 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम', म्हणजे टीव्ही आवाज आहे तसाच पुढे पाठवेल. ओटीटीवर बहुधा डॉल्बी डिजिटल प्लस हा सर्व स्पीकरांसाठीचा आवाज असतो. तो ऑप्टिकलमधून जात नाही, एआरसीतून जातो.

जुना_रेडिओ
माझं मत वेगळं आहे. चांगले दोन स्पीकर नीट मांडले की गायक बरोबर मधोमध उभा राहतो, मधल्या स्पीकरची गरजच नाही. आमच्या वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता, एकच स्पीकर, पण बातम्यांतला शब्द न् शब्द कळायचा. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

तांब्याची_तार
काका, मधोमध बसणाऱ्याला ते खरंय. सोफ्याच्या टोकाला बसलं की आवाज जवळच्या स्पीकरकडे सरकतो. अबोली, बाबा कुठे बसतात?

अबोली_डोंबिवली
डाव्या टोकाला, भिंतीला लागून. त्यांचा उजवा कान टीव्हीकडे येतो! हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

तांब्याची_तार
मग त्यांना दुसऱ्या टोकाला बसवा, डावा कान टीव्हीकडे येईल. खर्च शून्य. आणि मधल्या स्पीकरची पातळी २-३ डेसिबल वाढवा. रात्री डायनॅमिक रेंज कमी करायची सोय असेल तर तीही लावा, म्हणजे बोलणं आणि धडामधुडूम यांतलं अंतर कमी होईल.

पाऊसपाणी
हॉल १६ फूट लांब असेल तर प्रोजेक्टरचा विचार करा. १०० इंची पडदा सहज बसेल.

शुभदा७
मखराचं काय मग? मागचे स्पीकर वायरलेस करा ना.

तांब्याची_तार
वायरलेसला आवाजाची वायर लागत नाही, पण विजेचा पॉइंट लागतोच. दाराशी पॉइंट नसेल तर एक्स्टेन्शन बोर्ड आडवा येईल. त्यापेक्षा मागचे दोन्ही सध्या काढूनच ठेवा. पण नुसत्या वायरी उपटू नका. रिसीव्हरच्या स्पीकर सेटअपमध्ये जाऊन सराउंडपुढे (म्हणजे मागच्या स्पीकरांपुढे) 'नाही' निवडा. मग तो मागचा आवाज पुढच्या स्पीकरांत मिसळून देतो. न सांगता काढलेत तर तेवढा आवाज हरवतो.

मिलिंद_नाशिक
म्हणजे शेवटी पुढूनच ऐकायचं. मी साउंडबार म्हणालो ते काय वेगळं होतं?

तांब्याची_तार
त्यांच्याकडे चांगले तीन स्पीकर आणि सबवूफर आहे, ते विकून मिळणार किती? आणि गणपतीनंतर मागचे परत लावता येतील. केसिंग पट्टी दाराच्या चौकटीवरून फिरवली की वायर पायात येत नाही. जोडताना लाल टोक लाल खाचेत, काळं काळ्यात. तांब्याचा एक केसही शेजारच्या खाचेला टेकू देऊ नका, नाहीतर रिसीव्हर स्वतःला बंद करून घेईल.

अबोली_डोंबिवली
काल रात्री केलं. आधी केबल 'इन'लाच लावली होती, तुमचं परत वाचून बदलली. आता काचेवर डॉल्बी डी प्लस येतं. मधला स्पीकर खरंच बंद होता, त्याच्या जाळीवर बोट ठेवलं तर आता बोलण्याबरोबर थरथर जाणवते. मागचे 'नाही' करून माळ्यावर टाकले. आई एका रिमोटवर मालिका लावते. बाबांनी जागा बदलली, अख्ख्या भागात एकदाच विचारलं. मनापासून आभार, तार. सबवूफर मात्र कोपऱ्यात घुमतोय, तो सरकवू का?

तांब्याची_तार
हो. दोन भिंती मिळतात तिथे खालचे स्वर फुगतात. दीड-दोन फूट बाहेर घ्या आणि ऐका. मग रिसीव्हरबरोबर आलेला माइक सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवून रिसीव्हरची स्पीकर-मोजणी परत चालवा, खोली शांत ठेवून, पंखासुद्धा बंद. मोजणीनंतर मधल्याची पातळी परत वाढवावी लागेल.

शुभदा७
मध्येच विचारते. माझ्या टीव्हीच्या मागे एआरसी कुठेच छापलेलं नाही, एचडीएमआयच्या दोन खाचा आहेत. मी काय करू?

तांब्याची_तार
टीव्ही कोणत्या वर्षाचा? आणि ऑप्टिकलची खाच आहे का?