गोव्यासाठी 14 वर्षं बोलणी, ती कशाची?

खानापूरकर:
आमच्या आजीचं माहेर सांग्याचं. 1955च्या वैशाखात लग्न होऊन लोंढ्याला आली आणि त्याच पावसाळ्यात कॅसलरॉकवरनं गोव्याला जाणारी गाडी बंद झाली. आईचं तोंड बघायला मिळालं ते गोवा मुक्त झाल्यावरच. परवा तिच्या ट्रंकेत पोर्तुगीज शिक्क्याचा जन्मदाखला सापडला. लष्कराला दीड दिवस पुरला, मग नेहरू एवढी वर्षं काय बोलत बसले?

टिळकवाडी_जुना:
बोलायला समोरचा तयार पाहिजे की वो! फेब्रुवारी 1950मध्ये भारतानं पोर्तुगालला गोव्याबद्दल बोलणी करायला रीतसर विचारलं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्यानं 1951मध्ये घटनाच बदलली आणि गोव्याला 'सागरपार प्रांत' केलं. वसाहतच नाही म्हटल्यावर सोडायचा प्रश्नच मिटला! 1953च्या जूनमध्ये आपण लिस्बनमधली वकिलात बंद केली. वर पोर्तुगाल नाटोत, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी गटात. डिसेंबर 1955मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेसनीही गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हणून टाकलं.

अनमोड_घाट:
हे सगळं खरं, पण आत गोव्याच्या तुरुंगात लोक सडत होते. सत्याग्रह केला म्हणून मधू लिमयांना 12 वर्षं, नानासाहेब गोऱ्यांना 10 वर्षांची शिक्षा. 15 ऑगस्ट 1955ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, वीसच्या वर माणसं गेली. त्यानंतर दिल्लीनं कुणाला अडवलं? सत्याग्रहींनाच. मला ते अजून पटत नाही.

टिळकवाडी_जुना:
मलाही नाही पटत. जगाला शांततेचे धडे देत असताना स्वतः बंदूक काढायची लाज, एवढंच मला दिसतं.
1961च्या डिसेंबरात मी अकरा वर्षांचा. खानापूर रोडला लष्करी ट्रकांची रांग लागलेली, मोजता मोजता शाळा बुडाली. आईनं एका जवानाला पदरातनं भाजलेल्या शेंगा दिल्या, त्यानं टोपीत घेतल्या. 19 तारखेला गोवा आपला. आदल्या दिवशी सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्धचा ठराव रशियानं नकाराधिकार वापरून पाडला होता. सालाझारचा हुकूम होता शेवटच्या माणसापर्यंत लढायचा. गव्हर्नरनं तो मानला नाही, शहाणा माणूस. पोर्तुगालनं मात्र कागदावर मान्य केलं ते 1974च्या अखेरीस, सालाझार मेल्यावर.

खानापूरकर:
दाखल्याची घडी उसवत चाललीय. लॅमिनेट करू काय?

अनमोड_घाट:
नको नको, तसाच जपा. असल्याच कागदाच्या जोरावर आज गोव्यातली पोरं पोर्तुगालचा पासपोर्ट काढताहेत.

खानापूरकर:
आजी असती तर चुलीत घातला असता.