तळ्यात खासगी धक्का: रविवारच्या ग्रामसभेत काय मांडायचे?

तळ्याकाठचा:
आमच्या गावचे तळे अधिसूचित पाणथळ आहे. काठावरचा एक प्लॉट तीन वर्षांपूर्वी विकला गेला. नव्या मालकाला घरापासून खोल पाण्यापर्यंत खांबांवर लाकडी वाट हवी आहे आणि तिच्या टोकाला होडी बांधायला धक्का. मधे चाळीसेक मीटर लव्हाळा आणि चिखल. रविवारी ग्रामसभेत हा विषय आहे आणि माझा विरोध आहे. काल सकाळी त्याच पट्ट्यात उभा होतो. एक कमळपक्षी तरंगत्या पानांवरून चालला होता. पंखाखालून पिल्लांचे लांबलांब पाय लोंबत होते, म्हणून कळले की हा बाप पिल्ले काखेत घेऊन निघालाय. ती वाट नेमकी तिथूनच जाणार आहे.

नदीपल्याड:
दादा, विरोध करण्याआधी २०१७चे पाणथळ नियम वाचा. सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्के बांधकाम नको, पण होडीचे धक्के त्यातून वगळले आहेत. म्हणजे कायद्यानेच मुभा दिलीय. खांबांखालून पाणी वाहते, भराव पडत नाही. गोव्यातल्या करमळीच्या तळ्याला खेटून कोकण रेल्वे धावते, तरी तिथे पक्षी येतातच ना? तळे मरते ते आपल्याच घरांच्या सांडपाण्याने आणि काठावर ओतलेल्या बांधकामाच्या कचऱ्याने. त्यावर ग्रामसभेत कोणी तोंड उघडत नाही. बाहेरच्या माणसाने काही मागितले की सगळे जागे होतात.

तळ्याकाठचा:
सांडपाण्याचे तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे. पण नियम पुरता वाचा. धक्क्याची सूट फक्त बांधकामाच्या कलमात आहे. अतिक्रमण आणि पाणथळीचा दुसऱ्या कामासाठी वापर, याला त्याच नियमात वेगळी मनाई आहे आणि तिथे धक्क्याचे नाव नाही. होडी लावायची जागा म्हणजे धक्का. चाळीस मीटर लव्हाळा कापून काढलेली वाट म्हणजे धक्का नव्हे. आणि रेल्वे सगळ्यांसाठी कडेने गेली, ही वाट एका घरासाठी आत शिरणार.

वायंगणवाली:
तुम्ही दोघे खांब मोजताय. पाण्याचे बोला. सासऱ्यांच्या काळापासून आम्ही या तळ्यावर वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे भात, करतो. पावसात मानस, म्हणजे पाणी अडवायचे-सोडायचे दार, बंद, नंतर उघडायची. पाणी बेताबेताने उतरते आणि आज जिथे होडी तरंगते तिथे पुढे चिखल होतो, त्यात आम्ही तरवा, म्हणजे भाताची रोपे, लावतो. कुडचड्याजवळचे नंदा तळे २०२२ साली गोव्याचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले. ते अवघे ४२ हेक्टर आहे आणि तिथेही हीच रीत: पावसाळ्यात पाणी अडवायचे, मग सोडून भात पिकवायचे. पक्षी आणि भात एकाच पाण्यावर जगतात. आता एवढा खर्च करून धक्का बांधणारा माणूस ऐन सुट्टीच्या दिवसांत चिखलाकडे बघत बसेल का? तो अर्ज करणार, मानस उघडू नका. आजवर पाणी कधी सोडायचे ते आम्ही शेतकरी बसून ठरवत आलो.

नदीपल्याड:
ताई, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. पण मग तशी अट घाला. मानशीबद्दल हरकत घेणार नाही असे लिहून घ्या. सरळ नाही म्हटले तर तो कोर्टात जाईल आणि अट घालण्याची संधीही जाईल.

वायंगणवाली:
बाब, लिहून देणार हा मालक. उद्या घर विकले की पुढचा म्हणेल, मी कुठे सही केली? शेतात जायच्या पायवाटेचे असेच झाले. वाट लिहून दिली होती, प्लॉट विकला गेला, फाटक आले. भाताचे भारे डोक्यावर घेऊन आम्ही आता बांधावरून वळसा घालतो.

गरी:
मी तळ्यात गळ टाकणारा माणूस. बांधाच्या टोकाला कोरडी जागा आहे, होड्या तिथूनच उतरतात. त्यांनीही तिथूनच उतरवावी. पाणी आटले की आम्हीही होडी उलटी घालून ठेवतोच.

तळ्याकाठचा:
हेच मांडू. ठराव पाणथळ प्राधिकरणालाही पाठवू. ताई, मानशीचे तुम्ही स्वतः उठून सांगा. माझ्या तोंडून ते पुस्तकी वाटेल.

नदीपल्याड:
मी येतो. सांडपाण्याचा विषय त्याच दिवशी घेतलात तर तुमच्या ठरावाला हात वर करीन. नाहीतर नाही.